बावन्न वर्षं राहून गेलेली दुरुस्ती

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शिक्षण संस्थेचे प्रमुख माननीय तात्यासाहेब दांडगे. व्यासपीठावर विराजमान प्राचार्य महोदय आणि इतर मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, पत्रकारिता विभागाच्या प्रमुख प्राध्यापिका आशाताई औताडे. पहिल्या रांगेत उजव्या हाताला बसलेल्या त्यांच्या मातोश्री द्वारकाबाई. आजी-माजी विद्यार्थी, पालक, माझे पत्रकार बंधू-भगिनी, आणि मागं दाराशी उभं राहून चहाच्या वासावर लक्ष ठेवून असलेले सज्जनहो, आपणा सर्वांना काकासाहेब गायकेचा नमस्कार.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावाआधी 'ज्येष्ठ विचारवंत' असं छापलंय. कुणी छापलं ते मला ठाऊक आहे, त्याच्याशी मी नंतर बोलेन. मी विचारवंत नाही. मी या शहरातल्या वृत्तपत्रांत अडतीस वर्षं होतो, सुरुवातीला बातमीदार, मग उपसंपादक. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुरातली विशेषणं कापायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शिव्या खायच्या, हा माझा धंदा. आणि गेली पंचवीसेक वर्षं आठवड्यातून दोन तास या विभागात येऊन पोरांना तेच शिकवतो. पत्रिकेत 'हृद्य सत्कार' असंही लिहिलंय. त्यातलं 'हृद्य' मी कापलं असतं. सत्कार हृद्य झाला की नाही हे संपल्यावर कळतं, पत्रिकेत नाही.

सूत्रसंचालिका बाईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. तात्यासाहेब, आपली इजाजत असेल तर मी थोडी जास्त घेईन. कारण आज मी नुसता गौरव करायला उभा नाही. माझ्या खिशात एक कागद आहे. बावन्न वर्षांपूर्वी माझ्या लेखणीतून एक चूक छापली गेली, आणि ती या समोर बसलेल्या द्वारकाबाईंबद्दलची होती. तिची दुरुस्ती मला आज त्यांना वाचून दाखवायची आहे. ती त्या मान्य करतील की नाही, मला माहीत नाही. पण आधी आशाताईंबद्दल बोलतो. त्याशिवाय तो कागद तुम्हाला कळायचा नाही.

१९९८ साली हा विभाग निघाला तेव्हा त्याला स्वतःची खोलीही नव्हती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून एक भांडार होतं, तिथं वर्ग भरायचा. शेजारी प्रयोग चालू असला की इकडं अग्रलेख शिकता शिकता डोळ्यांतून पाणी यायचं. पोरं कुठली? शेंद्र्याची, चितेगावची, दौलताबादची. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. त्यांचे वडील येऊन आशाताईंना एकच विचारायचे, "मॅडम, हे शिकून पोरगं लागंल कुठं?" सवाल काय चुकीचा होता? शेंद्र्याला कारखान्यात लागलं तर महिन्याला पगार हातात पडतो. आमच्या धंद्यात काय पडतं? आमच्या वृत्तपत्रात एकेकाळी बावीस टेबलं होती. मी निवृत्त झालो तेव्हा नऊ राहिली होती आणि त्यातल्या दोघांना वर्षानुवर्षं 'पुढच्या महिन्यात कायम करू' असं सांगणं चालू होतं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ज्याचं त्याचं नशीब. आशाताई तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, नोकरी मी देऊ शकत नाही. पण नोकरी नसली तरी लिहून जगता येईल असं काहीतरी देते." आणि त्यांनी अभ्यासक्रमात नसलेला एक तास सुरू केला. फ्रीलान्सिंगचा. कुणाच्या नोकरीत न राहता, स्वतःची बातमी स्वतः शोधून, ती चार ठिकाणच्या संपादकांना विचारून छापून आणण्याचा. तीन ओळींत आपली बातमी संपादकाला कशी सांगायची, चौथी ओळ लिहिली तर तो वाचत नाही, 'नाही' म्हणाला तर आठ दिवसांनी दुसरी कशी पाठवायची, हे सगळं त्या शिकवायच्या.

माझ्या टेबलावर एक खिळा होता. पितळी बैठकीवरचा उभा खिळा. न छापायची बातमी त्यात खुपसून ठेवायची, ही आमची जुनी रीत. निवृत्तीच्या दिवशी तो मी आशाताईंना भेट दिला. त्यांनी तो वर्गात ठेवला आणि सांगितलं, ज्याला संपादकाचा नकार येईल त्यानं तो छापून आणून इथं खुपसायचा. खिळा गळ्यापर्यंत भरला की सगळ्या वर्गाला नान खलियाची मेजवानी. पोरं नकाराची वाट पाहू लागली, साहेब! मी इतकी वर्षं त्या खिळ्यानं पोरांची तोंडं पाडली, बाईंनी त्याच खिळ्यावर त्यांना जेवू घातलं.

आता त्यांचा नियम. इथं बसलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला तो झोपेतून उठवला तरी पाठ आहे. कुणाबद्दलही लिहा, त्याच्यापर्यंत पेपर पोचो न पोचो, त्याला वाचता येवो न येवो, छापायला देण्याआधी परत त्याच्या दारात जा आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. तो म्हणाला हे चूक आहे, तर तपासा. चूक असेल तर दुरुस्त करा. लेखणी मात्र त्याच्या हातात द्यायची नाही. आणि मजकुराच्या तळाशी लिहायचं, 'वाचून दाखवलं', आणि त्या माणसाच्या गावाचं नाव. ते नसेल तर बाई मजकूर हातात घेत नसत. पोरं कुरकुरायची. एसटीनं जायचं, परत यायचं, एका बातमीला दोन खेपा. मी सुद्धा कुरकुरलो. बाई म्हणाल्या, "काका, पोलीस ठाण्यात चोराचा जबाब घेतात, त्याच्याखाली काय लिहितात? 'सदर जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' चोराला एवढा मान आहे, मग गरिबाला का नाही?"

पण हा नियम कुठून आला असं विचारलं, की म्हणायच्या, "कारण नंतर. आधी वाचून दाखवून या." सतरा वर्षं मला ते कारण कळलं नाही.

मग निघालं परदेशाचं. दोन वर्षं पत्रव्यवहार करून बाईंनी स्कॉटलंडमधल्या एका पत्रकारिता विद्यालयाशी करार जमवला. दरसाल आपले दोन विद्यार्थी तीन महिने तिकडं, त्यांचे दोन इकडं. मी विरोधात होतो. भर बैठकीत म्हणालो, "चितेगावची बातमी धड लिहिता येत नाही आणि चालले स्कॉटलंडला!" इतिवृत्तात ते वाक्य आहे. प्राचार्य महोदय हसताहेत, म्हणजे त्यांनी वाचलेलं दिसतंय.

पहिल्या वर्षी तिकडची दोन पोरं आली. त्यातल्या एकानं दौलताबादला एका मळ्यात न विचारता सीताफळ तोडलं. मळेवाल्या चतुराबाईंनी त्याला असा दम भरला, की त्याला मराठी येत नसूनही सगळं समजलं. मग त्याच बाईंनी त्याला बसवून चार सीताफळं खायला घातली. त्यानं त्यावर लिहिलं, आणि आशाताईंनी त्याला परत पाठवलं दौलताबादला, वाचून दाखवायला. एक पोरगी मराठी करून सांगायला सोबत. चतुराबाई ऐकून म्हणाल्या, "चार नाय, पाच दिलती. एक पिशवीत घातलं व्हतं." साहेबांनी दुरुस्ती केली.

२०१५ साली निवड झाली पुतळा डोईफोडे हिची. पुतळा, जरा उभी राहा बरं. बघा. मेंढपाळाची लेक. आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून पुतळा. हिचे वडील कडूबा, ते तिकडं खांबाला टेकून बसलेत, त्यांचं वर्षातलं निम्मं आयुष्य मेंढरांमागं. लेकीला तीन महिने सातासमुद्रापार पाठवायचं म्हटल्यावर भावकीनं गोंधळ घातला. आशाताई गंगापूरच्या वाटेवर, कडूबांचा तळ होता तिथं गेल्या. मीही सोबत होतो, भांडण झालं तर बघायला कुणीतरी हवं म्हणून. कडूबांनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळली. मग विचारलं, "तिकडं मेंढरं हायेत का?"

बाई म्हणाल्या, "हायेत. माणसांपेक्षा जास्त."

"मंग जाऊ द्या. जिथं मेंढरं हायेत तिथं पोरगी हरवायची नाय."

झाला निकाल.

तिकडं पुतळाला डोंगराळ मुलखातल्या एका साप्ताहिकात शिकायला ठेवलं. पहिले दोन महिने तिला शाळेची स्पर्धा आणि फुलांचं प्रदर्शन असली कामं मिळाली. इंग्रजी बोलताना ती आधी मनात वाक्य जुळवायची, तोवर समोरचा निघून जायचा. मग एक दिवस तिला पाठवलं मेंढ्यांच्या बाजारात. तिथं इसोबेल नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आपला सगळा कळप विकत होत्या. बाकीचे बातमीदार बाजारभाव लिहून मोकळे झाले. आपली पोरगी कळपाजवळ गेली आणि एका मेंढीचा खूर उचलून बघू लागली. म्हातारीनं विचारलं, "तुला कळतं यातलं?" पुतळा म्हणाली, "एवढंच कळतं." जमली दोस्ती.

पुतळानं लिहिलं. छान लिहिलं. नवरा गेला, एकटी बाई, म्हातारपण, कळप झेपेना, म्हणून डोळ्यांत पाणी आणून मेंढरं विकली. ही झाली बातमी. संपादकीय विभागाला पसंत. पण तळाशी 'वाचून दाखवलं' नव्हतं ना! सतरा वर्षांचा नियम अंगात मुरलेला. पोरगी दोन बस बदलून त्या म्हातारीच्या घरी गेली आणि स्वयंपाकघरात बसून शब्दन् शब्द वाचून दाखवला.

म्हातारी भडकली. म्हणाली, "नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं हा कळप मी एकटीनं सांभाळला. झेपत नाही असं तुला कुणी सांगितलं?" मग विकला का? तर तिची चराईची टेकडी जमीनमालकानं झाडं लावायला दिली होती. कुंपण पडलं. आणि तिच्या एकटीची नाही, आसपासच्या आणखी तीन घरांची. पुतळा त्या तिन्ही घरी गेली, कागद पाहिले आणि रडगाण्याच्या जागी खरी बातमी घेऊन परतली.

तुम्ही म्हणाल, वा! पुढं सत्कार झाला असेल. सत्कार कसला? तिथल्या संपादक बाईंना कळलं, की पोरीनं छापण्याआधी अख्खा मजकूर वाचून दाखवला. त्यांच्याकडं ते पाप. आणि त्यांचंही खोटं नाही. मजकूर दाखवला की मोठी माणसं दबाव आणतात, बदलायला लावतात, कोर्टाची भीती घालतात. म्हणून त्यांचा कडक नियम, छापण्याआधी ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला दाखवायचं नाही. त्यांनी पुतळाचं काम थांबवलं, तिची बातमी बाजूला ठेवली आणि आशाताईंना पत्र धाडलं. तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर विद्यार्थिनीला परत पाठवतो आणि करारही पुढं चालवायचा की नाही याचा विचार करतो.

इथं आमच्या पायाखालची वाळू सरकली. कडूबांना काय सांगायचं? भावकी तर तयारच होती म्हणायला, 'बघा, आम्ही सांगत होतो.' पुढच्या वर्षी जाणाऱ्या पोरांचे पासपोर्ट आले होते. आणि मी? मी अनुभवी माणूस. मी लगेच माफीनामा लिहून काढला. 'विद्यार्थिनी ग्रामीण भागातली आहे, अननुभवी आहे, तिच्याकडून अनवधानानं चूक झाली, उदार मनानं क्षमा करावी.' सुरेख इंग्रजी. बाईंनी तो वाचला, उठल्या, आणि माझ्याच खिळ्यात खुपसला.

म्हणाल्या, "काका, पोरीनं चूक केलेलीच नाही. तिनं माझं ऐकलं. मी तिला अननुभवी म्हणून विकू?"

मग त्यांनी स्वतः पत्र लिहिलं आणि इंग्रजी तपासायला माझ्या हातात दिलं. पत्राची सुरुवात अशी होती, 'माझ्या विद्यार्थिनीनं तुमचा नियम मोडला, कारण तिनं माझा पाळला. शिक्षा असेल तर ती माझी.' आणि पुढं, सतरा वर्षं मला न सांगितलेलं ते कारण होतं.

द्वारकाबाई, आता तुमची गोष्ट येते आहे. ऐकू येतंय ना? आशाताई, जरा त्यांच्याजवळ बसा.

पत्रात लिहिलं होतं, १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. चितेगावजवळ तलावाचं काम निघालं होतं. माझी आई तिथं खडी फोडायला जायची. एक दिवस शहरातून बातमीदार आणि फोटोग्राफर आले. आईचा फोटो काढला, नाव-गाव विचारलं, निघून गेले. महिन्याभरानं तो पेपर गावात आला. फोटोखाली आईला निराधार विधवा म्हटलं होतं. माझे वडील जिवंत होते. वडील हसले. पण आजी, साळूबाई, हसली नाही. तेव्हा कामावर मजुरांना खायला सुकडी वाटायचे. आजी म्हणाली, जास्तीची सुकडी मिळावी म्हणून हिनंच नवऱ्याला मारून दाखवलं. आई सांगून थकली, की मी असं बोलले नाही. पण पेपरात छापून आलं होतं, आणि छापलेलं खोटं कसं असेल? आजी मरेपर्यंत आईच्या हातचं पाणी प्यायली नाही. त्या बातमीदारानं एकदा परत येऊन वाचून दाखवलं असतं, तर हे झालं नसतं.

आणि त्यापुढं बाईंनी त्या फोटोखालची ओळ इंग्रजीत दिली होती. ती मी इंग्रजीत वाचली आणि मला मराठीत ऐकू आली. 'कुंकू गेलं, हातोडा उरला.'

ती ओळ माझी आहे.

बावीस वर्षांचा होतो. त्या पेपरात लागून सहा महिने झाले होते. त्या ओळीबद्दल संपादकांनी पाठ थोपटली होती आणि कात्रण मी वहीत डकवलं होतं. कपाळ मोकळं दिसलं, मनगटात बांगडी दिसली नाही, आणि मी ठरवून टाकलं. घामानं कुंकू ओघळतं, हे मला कळलं नाही. हातोड्याच्या घावानं काच फुटते म्हणून बाया बांगड्या काढून पदराच्या गाठीला बांधून ठेवायच्या, हेही मी विचारलं नाही. गाठ दिसत होती, हो! फोटोतही दिसते. त्यात काय आहे एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

त्या दिवशी मी पत्रातली दोन क्रियापदं सुधारली, 'छान झालंय' म्हणालो आणि घरी गेलो. बोललो नाही. नऊ वर्षं बोललो नाही.

पत्राचं काय झालं ते आधी सांगतो. पाच दिवसांनी उत्तर आलं. संपादक बाईंनी लिहिलं होतं, की आमचा नियम आम्ही बदलणार नाही. पण तुमचा नियम नसता, तर आम्ही एका धडधाकट बाईला केविलवाणी करून छापलं असतं आणि टेकडीची बातमी आम्हाला कधीच कळली नसती. पुतळाला परत पाठवत नाही. बातमी या आठवड्यात पहिल्या पानावर जाते आहे. आणि त्यांची एक टोचणीही होती. तुम्ही हे जमीनमालकालाही वाचून दाखवणार का? बाईंनी त्यावर दोन दिवस विचार केला. तेव्हापासून आपल्या नियमाला जोड मिळाली, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला विचारायचं जरूर, वाचून दाखवायचं नाही. याला म्हणतात देवाणघेवाण. त्यांनी आपल्याकडून घेतलं, आपण त्यांच्याकडून घेतलं. नुसतं विमानात बसून फोटो काढणं म्हणजे देवाणघेवाण नव्हे.

पुतळा परत आली तेव्हा कडूबांनी विमानतळावर पहिला प्रश्न विचारला, "तिकडची लोकर कशी हाय?" तिनं तिथल्या म्हातारीनं दिलेला एक झुबका खिशातून काढून दाखवला. कडूबांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, "थंडीची हाय. आपल्या उन्हात टिकायची नाय." परराष्ट्र धोरणावर इतकं नेमकं मत मी अग्रलेखात वाचलेलं नाही.

मग तिनं ठरवलं, नोकरी करायची नाही. शहराच्या कडेनं कुंपणं वाढत गेली तशी मेंढरांची जुनी वाट कुठून कुठं वळली, हा विषय घेऊन ती संपादकांना लिहू लागली. एकतीस नकार. एकटीनं निम्मा खिळा भरला. तिच्यामुळं दोन वेळा नान खलिया झाली. बत्तिसावा संपादक 'हो' म्हणाला. आज ती मराठीत आणि इंग्रजीत लिहिते, दौलताबादला राहते, आणि दिल्लीचे संपादक तिला फोन करून विचारतात, बाई, यंदा आमच्यासाठी काय आहे? परदेशी गेलेले आपले बावीस विद्यार्थी. त्यातले दोघं तिकडंच राहिले, सुखात आहेत. तिघं दुसऱ्या धंद्यात गेले. बाकीचे लिहून जगतात, कुणी चितेगावातून पाटपाण्यावर, कुणी शेंद्र्यातून कामगारांवर. नोकरीसाठी कुणाच्या दारात उभं न राहता! तात्यासाहेब, मी उपसंपादक आहे, विशेषण जपून वापरतो. पण आज एक वापरतो. मला या बाईंचा प्रचंड अभिमान वाटतो. हे कापू नका.

आता खिशातला कागद.

गेल्या बुधवारी आशाताई निमंत्रण द्यायला घरी आल्या. चहा पुढं ठेवला आणि मी सगळं सांगून टाकलं. कात्रण दाखवलं. बाईंनी ते हातात घेऊन पाहिलं. मला वाटलं, आता उठून जातील. त्या म्हणाल्या, "काका, हे मला नका सांगू. जिचं आहे तिला वाचून दाखवा." मी म्हणालो, उद्याच चितेगावला येतो. तर म्हणाल्या, "घरात नको. छापलं चारचौघांत. दुरुस्ती पण चारचौघांत. मी आईला सांगून ठेवते आणि घेऊन येते." ज्या दैनिकात ती ओळ छापली ते बंद पडून वीस वर्षं झाली, छापायला जागा नाही. तेव्हा हे सभागृह हेच माझं पान.

माय, वाचतो. चूक असेल तिथं थांबवा.

'दुरुस्ती. १९७२ सालच्या दुष्काळात चितेगावजवळच्या तलावाच्या कामावरील एका छायाचित्राखाली सौभाग्यवती द्वारकाबाई औताडे यांचा उल्लेख निराधार विधवा असा झाला होता. तो साफ चूक होता. त्या विधवा नव्हत्या आणि निराधारही नव्हत्या. त्यांचे पती आप्पासाहेब त्या वेळी त्याच कामावर मातीच्या पाट्या उचलत होते. आपण विधवा आहोत असं द्वारकाबाईंनी बातमीदाराला किंवा कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बातमीदारानं त्यांना विचारलंच नव्हतं. या चुकीमुळं त्यांच्यावर घरात जो आळ आला, त्याला बातमीदार एकटा जबाबदार आहे. बातमीदार, काकासाहेब गायके.'

माय, वाचून दाखवलं. बरोबर हाय का?

...

काय म्हणाल्या? जरा थांबा, माईक द्या त्यांना. नको म्हणतात? बरं. आशाताई, तुम्ही ऐकून मला सांगा.

...

ऐका मंडळी. द्वारकाबाई म्हणतात, "मालक पाट्या उचलीत नव्हते. फोटू काढला तवा ते पाणी आणायला गेलते. मला तहान लागली व्हती म्हणून."

थांबा. पेन आहे माझ्याकडं. 'मातीच्या पाट्या उचलत होते', हे कापलं. 'पत्नीसाठी पाणी आणायला गेले होते.' लिहिलं. बावन्न वर्षांनी दुरुस्ती करायला बसलो, तर तिच्यातही चूक निघाली. बघा, आशाताई, तुमचा नियम.

आता, माय?

...

"आता बरोबर हाय," म्हणतात.

सभागृहात टाळ्या नकोत, कृपा करा. मला दोन मिनिटं द्या.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, आणि सात मिनिटांची कितीतरी मिनिटं होऊ दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. संयोजकांचे, माझ्या बोलण्याचा कंटाळा न दाखवणाऱ्या सर्व श्रोत्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. त्या 'ज्येष्ठ विचारवंता'वाल्यालाही मी माफ केलं. एका चुकीची मात्र मी माफी मागत नाही, कारण ती ज्यांच्याबद्दल होती त्यांनीच आज ती दुरुस्त करून घेतली आहे. आशाताई, विभागाच्या दप्तरात हा कागद ठेवा, खिळ्यात नको. तळाशी एक ओळ राहिली आहे, ती लिहितो आणि खाली बसतो.

'वाचून दाखवलं. चितेगाव.'